लांबी भरण्याआधी भेग वाचा

जुनी फायबरची शिडाची होडी घेतली की पहिला सल्ला मिळतो तो रंगाचा. "केसासारख्या चार भेगा आहेत, लांबी भरून रंग मारला की नवी दिसेल." माझ्या एंटरप्राइजच्या बाबतीत हेच झालं. जॅक होल्ट यांनी 1956 मध्ये आखलेली ही दोघांनी चालवायची होडी, लांबी सव्वातेरा फूट. मुंबई बंदरात हौशी शिडवाल्यांना ती परिचयाची आहे. ज्या कारागिराकडे ती गेली, त्यानं मोटारीच्या डेंटिंगची लांबी भेगांवर ओढली, घासून गुळगुळीत केली, वर पांढरा रंग दिला. काम दिसायला सुबक होतं. पुढचा हंगाम सरायच्या आत प्रत्येक रेघ जागच्या जागी पुन्हा उमटली आणि तळाजवळ तर लांबीचा पापुद्राच सुटून आला.

पैसे गेले, पण त्याहून वाईट म्हणजे रंगाखाली भेगा दिसेनाशा झाल्या आणि त्या पडण्याचं कारण मात्र तसंच चालू राहिलं. मग बंदरावरच्या एका जुन्या जाणत्या तांडेलांनी होडी उलटी करायला लावली आणि म्हणाले, "भरायचं नंतर बघू. आधी ही भेग कुठून आली ते सांगा." पुढे जे शिकलो ते इथे देतो.

फायबरच्या होडीचं अंग म्हणजे रेझिनमध्ये भिजवून एकावर एक बसवलेले काचतंतूंचे थर. त्यावर बाहेरून जेलकोटचा थर असतो, जाडीला जेमतेम अर्धा ते पाऊण मिलिमीटर. आतले थर थोडे लवतात, जेलकोट कडक असतो. अंग वाजवीपेक्षा जास्त लवलं की आधी तडकतो तो जेलकोट. म्हणून भेग ही बहुधा खूण असते. खरा प्रश्न एवढाच की अंग तिथेच का लवलं, आणि तडा जेलकोटपाशी थांबला की काचतंतूंपर्यंत गेला.

याचं निम्मं उत्तर भेगांच्या ठेवणीत मिळतं. एका बिंदूतून चहूकडे फुटलेल्या किंवा एकात एक गोल उमटलेल्या भेगा म्हणजे आघात: खडक, धक्का, आत पडलेली जड वस्तू. एकमेकींना समांतर धावणाऱ्या भेगा म्हणजे ताण. त्या जिथे अंग मोकळं लवतं आणि शेजारीच ताठ भाग येतो तिथे पडतात: बाकाच्या कडेला, आतल्या आडव्या भिंतीलगत, सेंटरबोर्डच्या, म्हणजे तळातून पाण्यात उतरवायच्या फळीच्या, पेटीच्या बुडाशी, कॉकपिटच्या कोपऱ्यांत. स्क्रू किंवा बोल्टभोवती भेगा असतील तर तो अति आवळला गेलाय, भोकाची कड तिरकी कापलेली नाही किंवा खाली आधाराची पट्टी नाही. आणि कुठलाही ठरावीक ओघ नसलेली, सगळीकडे पसरलेली बारीक जाळी दिसली, तर जेलकोट जाड बसलाय किंवा उन्हानं म्हातारा झालाय असं समजावं. ती दिसते भयंकर, पण चारही प्रकारांत धोका सर्वांत कमी तिचाच.

माझ्या होडीवर तीन जागी भेगा होत्या. डोलकाठीला बाजूनं ताणून धरणारी तार जिथे डेकला जोडलेली, तिथे बोल्टांभोवती किरणं फुटली होती. उघडून पाहिलं तर खाली नाण्याएवढे वॉशर, पट्टी नाहीच. नाळेजवळची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाजवळची, एक चांदणी आघाताची होती. सगळ्यांत कोड्यात टाकणाऱ्या भेगा तळावर होत्या: दोन्ही बाजूंना, समांतर, हाताच्या पंज्याएवढ्या पट्ट्यात. पाण्यात असताना तिथे कशाचाच एकवटलेला भार येत नाही. तांडेलांनी होडी पुन्हा ट्रॉलीवर चढवली आणि उत्तर समोर आलं. भेगा नेमक्या ट्रॉलीच्या दोन गाद्यांच्या कडेला होत्या. पावसाळ्यात होडी ट्रॉलीवर ताडपत्रीखाली उभी असते. ताडपत्रीला झोळ पडतो, पाणी आत झिरपतं आणि बूच लावलेलं असलं की साठतं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि रिकाम्या एंटरप्राइजचं वजन त्याहून थोडं कमीच. एवढा भार दोन गाद्यांवर महिनोन्महिने! समुद्रानं नव्हे, जमिनीवरच्या मुक्कामानं ही होडी तडकवली होती.

भेगांची खोली तपासायला महागडी उपकरणं लागत नाहीत. जागा धुऊन, ॲसिटोननं पुसून कोरडी करा. रंगीत शाई चोळून लगेच पुसा, भेगेत शिरलेली शाई तिचं खरं टोक दाखवते. डोळ्याला दिसतं त्याच्या बरंच पुढे ते असतं. ही शाई फक्त पुढे घासायच्या जागेवरच लावा, ती जाता जात नाही. मग नाण्यानं ठोकत चला. माठ घेताना आपण टिचकी मारून ऐकतो, तसंच. खणखणीत आवाज असेल तर अंग एकसंध आहे. बद्द आवाज आला तर थर सुटलेत किंवा थरांमधला गाभा भिजलाय. आवाज बदलतो तिथे पेन्सिलनं रेघ ओढा. शेवटी तळव्यानं दाबून पाहा आणि आतल्या बाजूनं बॅटरी मारून त्याच जागी पांढुरका डाग दिसतो का बघा. दाबल्यावर भेग उघडझाप करत असेल तर वरवरच्या दुरुस्तीचा उपयोग नाही.

डेकला अनेकदा दोन थरांमध्ये लाकडाचा किंवा फोमचा गाभा असतो. ही रचना मुळात वाईट नव्हे. दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये ज्या 'म्हादेई'तून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती गोव्यात बांधलेली होडीही लाकडी गाभा आणि फायबर अशीच आहे. पण बोल्टाच्या भोकातून पाणी शिरलं की लाकूड आतून कुजतं. तिथे आवाज बद्द आला तर वरून भेग भरू नका, उघडून गाभा कोरडा करा किंवा बदला.

आता दुरुस्ती. पहिलं कारण काढा: आधाराची पट्टी बसवा, ट्रॉलीच्या गाद्या रुंद आणि तळाच्या आकाराच्या करा, लवणाऱ्या जागी आतून काचतंतूंचा थर वाढवा. मगच भेगेला हात लावा. आधी ॲसिटोननं मेण उतरवा, नंतर घासा. उलट केलंत तर मेण घासकामाबरोबर आत जाऊन बसतं. केसासारख्या भेगेत नुसतं रेझिन उतरत नाही, म्हणून ती टोकापर्यंत कोरून इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची खाच करायची. खाचेच्या बुडाशी काचतंतू शाबूत दिसले तर जेलकोटच भरा. ते पांढरे, फुटलेले दिसले तर खराब भाग काढून भोवती तिरका उतार द्या, थराच्या जाडीच्या बारा पट. म्हणजे 3 मिलिमीटर जाडीला चारी बाजूंनी 36 मिलिमीटर. मग काचतंतूंच्या मॅटचे तुकडे रेझिनमध्ये भिजवून थर पुन्हा उभे करा.

पॉलिस्टर जेलकोटमध्ये हार्डनर साधारण 100 ग्रॅमला 1 ते 2 ग्रॅम लागतो. उत्पादकानं सांगितलेलं माप पाळा आणि थेंब मोजत बसण्यापेक्षा वजन करा. कमी पडला तर थर कधीच नीट वाळत नाही, जास्त झाला तर ठिसूळ होऊन पुन्हा तडकतो. मेण न घातलेल्या जेलकोटचा वरचा पृष्ठभाग हवा लागली की चिकट राहतो, म्हणून खाच किंचित उंच भरून वर प्लॅस्टिकची पारदर्शक शीट दाबून चिकटवा. पूर्ण वाळल्यावर पाणी लावत 220 पासून 1000 पर्यंतचे वॉटर पेपर क्रमानं फिरवा, मग कंपाउंड आणि पॉलिश. एक पथ्य: पॉलिस्टरवर इपॉक्सी धरतं, पण इपॉक्सीवर पॉलिस्टर जेलकोटचा भरवसा नसतो. आत इपॉक्सी वापरलंत तर वरून दोन भागांत मिसळायचा पॉलियुरेथेन रंग द्या. आणि मोटारीची लांबी पाण्याखाली चालत नाही. ती पाणी पिते. माझ्या होडीचा पापुद्रा त्यामुळेच सुटला.

जिवाशी येणारी गोष्ट वेगळी सांगतो. आपल्याकडे काही दुकानांत रेझिन, कोबाल्टचा ॲक्सिलरेटर आणि हार्डनर अशा तीन वस्तू सुट्या मिळतात. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही ओतू नका, भडका किंवा स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, हार्डनर त्यानंतर. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा लावल्याशिवाय बाटली उघडू नका. घासताना मास्क, अंगभर कपडे आणि मोकळी हवा हवीच. काचेची धूळ फुप्फुसाला बरी नाही.

सगळ्याच भेगा भरायच्या नसतात. सगळीकडे पसरलेली, न हलणारी, खणखणीत वाजणारी जाळी असेल तर खुशाल होडी पाण्यात घाला. डोलकाठीच्या बुडाशी, ताणाच्या तारांपाशी, सेंटरबोर्डच्या पेटीशी किंवा सुकाणूच्या बिजागरीपाशी असलेली भेग मात्र एक दिवसही अंगावर काढू नका. तिथे थर सुटले असतील तर ते काम जाणकाराचं.

पावसाळ्याआधी तळाचं बूच काढून ठेवा, नाळ थोडी वर उचला, ताडपत्री मधोमध आधार देऊन तंबूसारखी उतरती बांधा. एवढ्यानंच माझ्या तळावरच्या दुरुस्त केलेल्या भेगा पुन्हा आलेल्या नाहीत. आणि जुनी होडी घ्यायला जाल तेव्हा ताज्या रंगाला भुलू नका. खिशात नाणं ठेवा, होडी उलटी करायला सांगा, आणि विकणारा कां-कूं करू लागला तर तिथूनच परत फिरा.