आमची इमारत पाडून नवी बांधताना

डोंबिवली पूर्वेची आमची बिनलिफ्टची चार मजली इमारत पाडून तिथेच नवी उभी राहिली. ठाणे-कल्याण पट्ट्यात स्वतःचा प्लॉट घेऊन घर बांधणारे आता विरळाच. आपल्यासारख्यांचं नवं घर म्हणजे रिडेव्हलपमेंट. त्यातून गेलेल्याचे हे अनुभवाचे बोल.

१. आधी जमीन सोसायटीच्या नावावर करा. मूळ मालक दाद देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो. त्याआधी बिल्डरशी चहासुद्धा नको.

२. बिल्डर निवडायची सभा ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार, उपनिबंधकांच्या प्रतिनिधीसमोर आणि चित्रीकरण करूनच घ्या. गच्चीवर भजी खात उरकलेला ठराव पुढे वादात अडकू शकतो.

३. परवानगीचा कागद खरा आहे का, ते कल्याण-डोंबिवली पालिकेच्या कल्याणच्या मुख्यालयात नगररचना विभागात जाऊन विचारा. महारेराचा नंबर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पालिकेच्या बनावट परवानग्यांवर महारेरा नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती आपल्याच हद्दीत निघाल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या. आत राहणाऱ्यांनी कर्ज काढून घरं घेतली होती.

४. 'इतके टक्के जास्त कार्पेट' ऐकून हुरळू नका. रेराच्या कार्पेटमध्ये घरातल्या आतल्या भिंतींची जाडीही धरतात. आपण जुनं घर मोजतो ते भिंतीपासून भिंतीपर्यंत. दोन्ही आकडे एकाच मापाने काढून घ्या, नाहीतर वाढीव जागेतली बरीचशी विटांत जाते.

५. साईटवर कुणीतरी रोज फिरकलं पाहिजे. डोंबिवलीकर सकाळची लोकल पकडतो आणि रात्री उतरतो, त्याला बांधकाम दिसतं रविवारी. आमच्यात दोन निवृत्त काका होते, तेच आमचं नशीब. स्लॅब पडला की दुसऱ्या दिवशी त्यावर मसाल्याची आळी करून पाणी साठवतात. निदान आठ-दहा दिवस ते सुकू द्यायचं नसतं. ऐन मे महिन्यात आळी कोरडी ठणठणीत दिसली, तेव्हा काकांनी फोटो काढून सोसायटीने नेमलेल्या प्रकल्प सल्लागाराच्या (पीएमसी) इंजिनिअरला पाठवले आणि पाइप लागेपर्यंत तिथून हलले नाहीत. मिस्त्री वैतागायचा. वैतागू दे!

६. बाथरूमच्या लाद्या बसण्याआधी वॉटरप्रूफिंगवर पाणी भरून ठेवायला लावा आणि दोन दिवसांनी खालच्या घरातलं छत बघा. ओल असेल तर तिथेच कळते. पाच वर्षांच्या दोषदुरुस्तीचा रेराचा आधार मुख्यतः विकत घेणाऱ्याला आहे. जुन्या सभासदाने ती अट आपल्या करारात स्वतंत्र लिहून घ्यावी.

७. भांडायचं ते घर रिकामं करण्याआधी. एकदा सामान ठाकुर्लीच्या भाड्याच्या खोलीत गेलं की आपल्या शब्दाला वजन राहत नाही. मग बिल्डरचा माणूस फोनही उचलत नाही. म्हणून बँक गॅरंटी आणि भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक हातात पडल्याशिवाय चावी देऊ नका. शिवाय भाडं 'ताबा मिळेपर्यंत' नव्हे, 'ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळेपर्यंत' असं लिहून घ्या. आमच्या करारात तसं होतं, म्हणून लिफ्टच्या परवानगीपायी रखडलेल्या शेवटच्या पावसाळ्याचंही भाडं बिल्डरनेच भरलं.