लिहिणाऱ्यापुरता डॅशबोर्ड

“लॉगिन केलं की आधी पाट्याच पाट्या. हे अपडेट करा, त्याला पाच तारे द्या, प्रीमियम घ्या. अगं, मला ज्वारीचा भाव टाकायचाय. तो कुठं टाकू ते सांग!” तात्यांनी लॅपटॉप पुतणीकडे सरकवला.

पणदऱ्याचे तात्या निवृत्त मुख्याध्यापक. नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, बारामतीच्या बाजार समितीत काय भाव निघाले, माळेगाव आणि सोमेश्वर कारखान्यांच्या ऊसदराचं काय चाललंय, हे सगळं ते गावकऱ्यांसाठी मराठीतून एका वेबसाईटवर मांडतात. गावातली काही तरुण मुलं बातम्या आणि फोटो पुरवतात. साईट वर्डप्रेसवर आहे आणि पुतणी पुण्यात वर्डप्रेसचंच काम करते.

“एखादं चांगलं प्लगिन टाक, म्हणजे सगळं सुटसुटीत होईल,” तात्या म्हणाले.

“टाकूया. पण आधी जे फुकटात घरातच आहे ते वापरू,” असं म्हणत तिनं पडद्याच्या वर उजव्या कोपऱ्यातलं ‘स्क्रीन ऑप्शन्स’ उघडलं. खुणा काढल्याबरोबर डॅशबोर्डवरचे चार-पाच चौकोन गेले. मग तिनं तात्यांच्या प्रोफाइलमध्ये जाऊन भाषा मराठी केली. साईटची भाषा एक आणि आपल्यापुरती ॲडमिनची भाषा वेगळी, ही सोय डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या ४.७ या आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्येच आहे. तिच्यासाठी कुठलंच प्लगिन लागत नाही. मराठी भाषांतर स्वयंसेवकांनी केलेलं आहे. बाहेरच्या प्लगिनमधल्या सूचना मात्र बऱ्याचदा इंग्रजीतच राहतात.

“आणि त्या पाट्या?”

“त्या लपवणारी प्लगिन्स आहेत. ‘डिसेबल ॲडमिन नोटिसेस’ नावाचं एक आहे, त्यात एकेक सूचना निवडून बंद करता येते. सगळ्या सरसकट बंद करू नका. त्याच गर्दीत कधी तरी ‘हे ताबडतोब अपडेट करा’ अशी खरी हाकही असते.”

तात्यांना आणखी एक प्रश्न होता. एवढ्या मोठ्या कंपनीनं हा पसारा आधीच का आवरला नाही?

“कंपनी नाही, तात्या. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी २००३ मध्ये एक जुनं मुक्त सॉफ्टवेअर पुढं न्यायला घेतलं, ते हे. पुढच्याच वर्षी त्यात प्लगिनची सोय आली. मूळ गाभा छोटा ठेवायचा आणि ज्याला जे हवं ते त्यानं जोडून घ्यायचं, असा विचार. आज अधिकृत यादीत साठ हजारांच्या आसपास प्लगिन्स आहेत. तुम्ही आता बघताय ना, ही डावीकडची काळी पट्टी? हे रूपसुद्धा आधी ‘एमपी६’ नावाचं प्लगिन होतं. लोकांनी वापरून पाहिलं, त्रुटी कळवल्या आणि मग डिसेंबर २०१३ मध्ये ३.८ आवृत्तीत ते मूळ वर्डप्रेसमध्ये आलं.”

ॲडमिन सुधारण्याच्या या कामात पुण्याचा वाटा आहे, हे तिनं थोड्या अभिमानानंच सांगितलं. २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या आरटीकॅम्प या कंपनीचं ‘लॉगिन विथ गूगल’ हे प्लगिन पासवर्ड विसरणाऱ्या मंडळींसाठी लॉगिनच्या पानावर गूगलचं बटण आणून ठेवतं.  

“बरं, माझ्या मुलांचं बघ. सगळ्यांना मी माझाच पासवर्ड दिलाय,” तात्या सहज बोलून गेले. पुतणी क्षणभर गप्प झाली.

इथं ती सगळ्यात जास्त वेळ थांबली, आणि ते बरोबरच होतं. वर्डप्रेसमध्ये मुळातच पाच भूमिका आहेत: ॲडमिनिस्ट्रेटर, एडिटर, ऑथर, काँट्रिब्यूटर आणि सबस्क्रायबर. काँट्रिब्यूटर लिहू शकतो, पण प्रसिद्ध करू शकत नाही. लेख तपासणीसाठी तात्यांकडे येतो. गावातल्या मुलांसाठी ही भूमिका नेमकी वाटते, पण तिच्यात एक अडचण आहे. काँट्रिब्यूटरला फोटो चढवता येत नाहीत. फोटोसाठी ऑथर करावं, तर तो स्वतःचं लिखाण थेट प्रसिद्धही करू शकतो.

“म्हणजे फोटो हवा असेल तर तपासणी सोडा?”

“इथं प्लगिन हवं. ‘मेंबर्स’ घ्या किंवा ‘युजर रोल एडिटर’. दोन्हींत हक्कांची यादी खुली होते. काँट्रिब्यूटरच्या यादीत फाइल चढवायच्या हक्कापुढं एक खूण करायची. मुलगा शेतातून फोटोसकट बातमी टाकेल आणि प्रसिद्ध तुम्ही कराल. प्रत्येकाचं खातं वेगळं, पासवर्ड वेगळा.”

“त्यांना सेटिंग, थीम वगैरे काही दिसायला नको. चुकून हात लागायचा.”

“काँट्रिब्यूटरलाच काय, एडिटरलाही ते मुळातच दिसत नाही. तुम्हालाही नको असेल, तर ‘ॲडमिन मेनू एडिटर’ आहे. मेनूतल्या ओळी वरखाली करता येतात, नावं बदलता येतात, नको त्या लपवता येतात. ‘ॲडमिनाइझ’ नावाचं दुसरं आहे, त्यात कुठल्या भूमिकेला काय दिसावं ते ठरवता येतं. फक्त एक ध्यानात ठेवा. लपवणं आणि बंद करणं एक नव्हे. चारीवरचं दार झुडपाआड गेलं म्हणून पाणी अडत नाही, कुलूपच लावावं लागतं. मेनू लपवला तरी ज्याला त्या पानाचा पत्ता ठाऊक आहे आणि हक्क आहे, तो थेट तिथं पोचतो. म्हणून आधी हक्क आणि मग मेनू.”

तात्यांना हे पटलं. पाटकऱ्याशी त्यांचा आयुष्यभराचा संबंध.

मग ज्वारीच्या भावाचा विषय निघाला. तात्या रोज मोकळ्या कागदासारखं पान उघडत आणि भाव वाक्यात लिहीत. कधी क्विंटलचा, कधी किलोचा, कधी तारीख राहून जाई. पुतणीनं ‘ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’चं नाव घेतलं. एलियट कॉन्डन या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरनं २०११ मध्ये आणलेलं हे प्लगिन लिहिण्याच्या पानावर ठरावीक रकाने देतं. तारीख, शेतमाल, आवक, किमान दर, कमाल दर असे रकाने एकदा आखले की भाव टाकणं म्हणजे फॉर्म भरणं. आकड्याच्या रकान्यात अक्षर चालत नाही, सक्तीचा रकाना मोकळा राहत नाही. वाचकाला भाव तक्त्यात दिसावा म्हणून थीममध्ये थोडं काम करावं लागतं, ते करायचं तिनं कबूल केलं.

तिच्या मते छोट्या माहितीपर साईटला सगळ्यात जास्त फायदा याच एका बदलानं होतो. असे रकाने वर्षभर भरले, तर मागच्या हंगामातला दर शोधता येतो. वाक्यांत विखुरलेला दर कुणी शोधत बसत नाही.

“आणि पान दरवेळी नव्यानं कशाला करायचं? ‘योस्ट डुप्लिकेट पोस्ट’ बसवलं की यादीत ‘क्लोन’ असा पर्याय येतो. कालच्या भावाची प्रत काढा आणि आकडे बदला. यादीतच शेतमाल आणि दर दिसायला हवे असतील, तर ‘ॲडमिन कॉलम्स’ तेवढे रकाने यादीत आणतं.”

तात्यांची पुढची तक्रार तिला अपेक्षित नव्हती. व्हॉट्सॲपवर दुवा पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबच लांब माळ जाते, आणि शीर्षक मोठं असेल तर पत्ता मध्येच तुटतो.

“त्याचं गणित सांगते. देवनागरीतलं एक चिन्ह संगणकात तीन बाइट घेतं. पत्त्यात एकेक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. वर्डप्रेस पत्त्यातल्या शीर्षकाच्या भागाला २०० जागा देतं, त्यात आपली २२ चिन्हं मावतात. त्यातही काना, वेलांटी, हलन्त वेगळे मोजले जातात. ‘नीरा डाव्या कालव्याचे उन्हाळी आवर्तन सुरू’ असं शीर्षक दिलंत, तर पत्ता ‘उन्हाळी’तल्या ‘उन’वरच संपतो.”

“मग काय करायचं?”

“प्रसिद्ध करण्याआधी ‘स्लग’च्या, म्हणजे पत्त्यातल्या याच भागाच्या रकान्यात रोमन लिपीत तीन-चार शब्द लिहायचे. आधी प्रसिद्ध झालेल्या पोस्टचा स्लग बदलला, तर वर्डप्रेस जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवतं, म्हणून जुने दुवे सहसा मोडत नाहीत. याला प्लगिन नको, सवय हवी.”

इतक्यात तात्यांनी स्वतःच यादी करायला घेतली. हे बसवू, तेही बसवू. तेव्हा पुतणीनं हात आडवा घातला.

‘डिस्प्ले विजेट्स’ची हकीकत तिनं सविस्तर सांगितली. दोन लाखांहून अधिक साईटवर असलेलं हे साधं, उपयोगी प्लगिन मूळ निर्मात्यांनी २०१७ मध्ये विकलं. नव्या मालकाच्या आवृत्त्यांमध्ये असा कोड होता, की साईटवर जाहिरातबाजीचा मजकूर परस्पर प्रसिद्ध व्हायचा आणि लॉगिन केलेल्या माणसाला तो दिसायचाच नाही. म्हणजे साईटचा मालक रोज ॲडमिनमध्ये बसूनही अंधारात. त्याच वर्षी सप्टेंबरात प्लगिन अधिकृत यादीतून कायमचं काढलं गेलं. २०२० च्या सप्टेंबरात ‘फाइल मॅनेजर’ची पाळी आली. सात लाखांहून जास्त साईटवरच्या या प्लगिनमध्ये अशी फट सापडली, की लॉगिन न करताच कुणीही सर्व्हरवर फाइल चढवून चालवू शकत होतं. ॲडमिनमध्येच फाइली हाताळायची सोय व्हावी, एवढ्यासाठी लोकांनी ते घेतलं होतं.

“तू आत्ता सांगितलेलं ते रकान्यांचं तरी सुरक्षित आहे का?” तात्यांनी मास्तरांच्या सुरात विचारलं.

“चांगलं आहे, पण तेही वादात सापडलं होतं. ते आता डब्ल्यूपी इंजिन या कंपनीकडे आहे. तिचं मुलेनवेग यांच्याशी भांडण जुंपलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्डप्रेसच्या अधिकृत यादीतलं त्याचं पान काढून घेऊन ‘सिक्युअर कस्टम फील्ड्स’ या नावानं चालवलं गेलं. डिसेंबरात अमेरिकेतल्या कोर्टाच्या आदेशानंतर ते परत मिळालं. आता दोन्ही आहेत. म्हणून प्लगिन घेताना त्याच्या पानावर शेवटचं अपडेट कधीचं, किती साईटवर चालतं, सध्याच्या आवृत्तीवर तपासलंय का आणि लोकांच्या अडचणींना उत्तरं मिळतात का, हे बघायचं. वापरात नसेल ते नुसतं निष्क्रिय करायचं नाही, डिलीट करायचं. निष्क्रिय प्लगिनच्या फाइली सर्व्हरवर राहतातच.”

मग तात्यांच्या यादीत काय उरलं? हक्कांसाठी ‘मेंबर्स’, भावांसाठी रकान्यांचं प्लगिन आणि प्रत काढण्यासाठी ‘डुप्लिकेट पोस्ट’. त्यात पुतणीनं दोन नावांची भर घातली. कुणी कधी काय बदललं याची नोंद ठेवणारं ‘सिंपल हिस्ट्री’ आणि साईटची प्रत गूगल ड्राइव्हवर आपोआप ठेवणारं ‘अपड्राफ्टप्लस’. दोन्हींची मोफत आवृत्ती एवढ्या कामाला पुरते. प्रत सर्व्हरबाहेर हवीच, यावर ती अडून राहिली. सर्व्हरच गेला तर त्याच्यावरच ठेवलेली प्रत काय कामाची?

“आणि एखाद्या प्लगिननं साईटच बंद पाडली तर?”

“मे २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेस अशा वेळी साईटच्या ॲडमिन ईमेलवर एक खास दुवा पाठवतं. त्यातून आत शिरून बिघडलेलं प्लगिन थांबवता येतं. तुमचा ईमेल कुठला आहे तिथं?”

सेटिंगचं पान उघडलं. रकान्यात साईट बनवून देणाऱ्या मुलाचा पत्ता होता. तो मुलगा आता नोकरीनिमित्त परराज्यात, आणि तात्यांचा त्याच्याशी बऱ्याच दिवसांत संपर्क नाही.

“म्हणजे साईट पडली, तर निरोप त्याला जाणार?”

“त्यालाच. दर सहा महिन्यांनी वर्डप्रेस ॲडमिनला लॉगिनच्या वेळी विचारतं, हा ईमेल बरोबर आहे ना म्हणून. तुम्ही ‘बरोबर आहे’ दाबून पुढं जात असाल.”

तात्यांनी मान डोलावली. तिनं तिथं त्यांचा जीमेलचा पत्ता घातला आणि बदल जतन केला. पडद्यावर लिहून आलं, की नव्या पत्त्यावर पाठवलेल्या दुव्यावर टिचकी मारेपर्यंत जुनाच पत्ता चालू राहील.

“मोबाईल आणा, तात्या. आधी हे पक्कं करू. मग बॅकअप, त्यानंतर मुलांची खाती, आणि सगळ्यांना दिलेला तुमचा पासवर्ड आजच बदलू.”