इंग्रजी सर्वनामे आणि मराठी अनुवादकाचा पेच

इंग्रजी नामांची विशेषनाम, सामान्यनाम, समूहवाचक, पदार्थवाचक व भाववाचक ही वर्गवारी सर्वपरिचित आहे. तिचा विस्तार येथे नको. अर्वाचीन इंग्रजीत नामाला व्याकरणिक लिंग उरलेले नाही, ही गोष्ट मात्र अनुवादाच्या दृष्टीने निर्णायक ठरते. ‘फ्रेंड’ पुरुष की स्त्री, हे पुढे येणारे ‘ही’ वा ‘शी’ सांगते. ‘आय’ आणि ‘यू’ तेवढेही सांगत नाहीत.

जेनेट विंटरसन यांच्या ‘रिटन ऑन द बॉडी’ (१९९२) या कादंबरीतील निवेदक पुरुष की स्त्री, हे अखेरपर्यंत उघड होत नाही. मराठीत ‘मी आलो’ की ‘मी आले’, याचा निवाडा प्रारंभीच करावा लागतो. ‘मी पत्र वाचले’ किंवा ‘मी जाईन’ या रूपांत वक्त्याचे लिंग झाकले जाते खरे. कारण पहिल्यात क्रियापद कर्माच्या अधीन असते, दुसऱ्यात लिंगभेदच नसतो. परंतु एवढ्या आडोशाने सबंध कादंबरी निभावणे कठीण. बंगालीत क्रियापद लिंगानुसार बदलत नसल्याने तेथील अनुवादक या पेचातून सहज सुटतो.

‘वुई’च्या बाबतीत काटेकोरपणा मराठीकडे आहे : श्रोत्यास धरून ‘आपण’, वगळून ‘आम्ही’. ‘यू’साठी तर तू, तुम्ही, आपण अशा तीन पायऱ्या. शेक्सपिअरच्या इंग्रजीत ‘दाउ’ आणि ‘यू’ हा भेद जिवंत होता; त्यामुळे त्याची नाटके मराठीत आणताना मुळातच काही आधार सापडतो, जो आधुनिक कादंबरीत सापडत नाही.