रोजा, इन्सुलिन आणि परिचारिकेचे शिक्षण

रमजानचा महिना, दुपारचे चार वाजलेले. वॉर्डात साठीचे एक चाचा घामाने डबडबले होते, हात थरथरत होते. जुना मधुमेह, पहाटे सहरी न करताच त्यांनी इन्सुलिन टोचून घेतलेले. शिकाऊ परिचारिकेने ग्लुकोजचे पाणी पुढे केले. चाचांनी तोंड फिरवले, "बेटी, रोजा है." मुलीने पेला खाली ठेवला.

साखर उतरल्याची लक्षणे तिला तोंडपाठ होती. अशा वेळी बोलायचे काय, हे मात्र तिला कुणी शिकवले नव्हते. तेवढ्यात वयस्क सिस्टर पुढे आल्या. "चाचा, आजाऱ्याला कुराणातच सवलत आहे. राहिलेला रोजा मागाहून धरता येतो. आधी हे प्या." चाचांनी पेला रिकामा केला.

कायमच्या आजाऱ्याला रोज्याच्या बदल्यात गरिबाला जेवू घालता येते. पाण्याने अपाय होणार असेल तर वजूऐवजी कोरड्या मातीने तयम्मुम चालते, नमाज खाटेवर पडूनही होते. एवढे ठाऊक असलेली परिचारिका, मग ती कोणत्याही धर्माची असो, रुग्णाला पटकन पटवू शकते. तिने फतवे देऊ नयेत हे खरे; पण साखर उतरलेली असताना मौलवींची वाट पाहत बसणेही बरे नव्हे!

इस्लाममध्ये शुश्रूषेची परंपरा जुनी आहे. मदिनेच्या रुफैदाने इ.स. 627 मध्ये खंदकाच्या लढाईत मशिदीजवळच्या तंबूत जखमींची सेवा केली. तिने इतर स्त्रियांनाही हे काम शिकवले, असे परंपरा सांगते. नाइटिंगेलबाई स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या त्या 1854 साली. नर्सिंगच्या वर्गात त्यांच्या शेजारी रुफैदाचेही नाव घ्यायला काय हरकत आहे?

मधुमेही वाचकांनी रमजानच्या दीड-दोन महिने आधीच डॉक्टरांना भेटावे. गोळ्या व इन्सुलिनच्या वेळा आणि मात्रा बदलाव्या लागतात. ते आपल्या मनाने करू नये. गरोदर स्त्रिया, मूत्रपिंडाचे विकार असलेले आणि लहानपणापासून इन्सुलिनवर असलेले यांना धोका अधिक. सहरी टाळू नये, उलट होईल तितकी उशिरा करावी. रक्तातील साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली, तर सूर्यास्ताची वाट न पाहता रोजा सोडावा. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडात काही न घालता लगेच दवाखाना गाठावा.

बोटाला सुई टोचून रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. हे माहीत नसल्याने कित्येकजण महिनाभर साखर तपासतच नाहीत.