व्हेरिॲडिक मॅक्रो सगळ्या कम्पायलरवर चालवायचा तर

आधी एक गोष्ट विचारून घ्या: तुमचा कोड ज्या कम्पायलरवर चालणार आहे, त्यांतला सर्वांत जुना कोणता? तो सी ९० पुरताच असेल, तर व्हेरिॲडिक मॅक्रो, म्हणजे कितीही आर्ग्युमेंट घेणारा मॅक्रो, विसरा. कॉल करताना दुहेरी कंस घालून काम भागवा. सी ९९ आणि सी++ ११ पासून पॅरामीटरच्या जागी तीन टिंबं व त्यांत आलेली यादी मांडणारं ‘व्हीए आर्ग्ज’ अधिकृत आहेत. व्हिज्युअल सी++ मध्ये ती २००५ च्या आवृत्तीपासून मिळतात. टिंबांना नाव देण्याची जीसीसीची जुनी पद्धत नव्या कोडमध्ये वापरू नका.

सर्वांत जास्त वेळ खातो तो एक स्वल्पविराम. लॉगच्या मॅक्रोत फॉरमॅट वेगळा पॅरामीटर ठेवलात आणि कॉलमध्ये त्यापुढे काहीच दिलं नाहीत, की फॉरमॅटनंतरचा स्वल्पविराम लोंबकळतो. त्यावर सर्रास सांगितला जाणारा शॉर्टकट म्हणजे ‘व्हीए आर्ग्ज’च्या आधी दोन हॅश. जीसीसी आणि क्लँग मग तो स्वल्पविराम गिळतात. पण हे भाषेच्या स्टँडर्डमध्ये नाही. ‘पेडँटिक’ पर्याय लावला की इशारे येतात, आणि इशाऱ्यालाच चूक मानणाऱ्या ग्राहकाकडे तुमची बिल्ड अडते. अधिकृत उपाय ‘व्हीए ऑप्ट’: सी++ २० आणि सी २३ मध्ये आला, जीसीसी ८ आणि क्लँग ६ पासून आहे. मायक्रोसॉफ्टकडे व्हिज्युअल स्टुडिओ २०१९ ची १६.५ आवृत्ती लागते, शिवाय नव्या प्रीप्रोसेसरचा स्विच स्वतः चालू करावा लागतो.

एवढं करण्याआधी स्वस्तातला मार्ग बघा. फॉरमॅट वेगळा मागूच नका. मॅक्रोच्या कंसात फक्त तीन टिंबं ठेवा आणि सगळी यादी जशीच्या तशी प्रिंटएफला द्या. फॉरमॅट त्यातच येतो, यादी रिकामी राहत नाही, स्वल्पविराम लोंबकळत नाही. ओळीच्या सुरुवातीला ठरलेला शब्द हवा? तो अवतरणात ‘व्हीए आर्ग्ज’च्या अगदी आधी लिहा, मध्ये स्वल्पविराम नको; शेजारच्या दोन स्ट्रिंग कम्पायलर जोडून घेतो. मात्र कॉलमधला फॉरमॅटही थेट अवतरणातच हवा, व्हेरिएबलमधला चालणार नाही.

आता छुपे खर्च. मायक्रोसॉफ्टचा जुना प्रीप्रोसेसर ‘व्हीए आर्ग्ज’ दुसऱ्या मॅक्रोला देताना सगळी यादी एकच आर्ग्युमेंट समजतो. आर्ग्युमेंट मोजणारा मॅक्रो त्यामुळे तीन दिली तरी एकच मोजतो. उपाय: मिळालेलं तसंच परत देणारा एक छोटा मॅक्रो लिहा आणि संपूर्ण कॉल त्यात गुंडाळा. ‘व्हीए आर्ग्ज’ मॅक्रोत दोनदा लिहिलंत तर ‘आय प्लस प्लस’ही दोनदा चालतो. लॉग बंद करताना मॅक्रो रिकामा करू नका; कॉल ‘इफ शून्य’मध्ये ठेवा, म्हणजे फॉरमॅटच्या चुका बंद लॉगमध्येही पकडल्या जातात.

पैसे? जीसीसी आणि क्लँग फुकट. व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी एकट्या डेव्हलपरला फुकट. पण २५० हून अधिक संगणक किंवा दहा लाख डॉलरहून अधिक वार्षिक उत्पन्न असलेल्या कंपनीला नेहमीच्या कामासाठी सशुल्क परवाना लागतो. इन्स्टॉल न करता पाहायचं तर ब्राउझरमध्ये कम्पायलर एक्सप्लोरर उघडा: तिन्ही कम्पायलर आहेत, शुल्क नाही. मॅक्रो उलगडून पाहायला जीसीसी व क्लँगला ‘वजा ई’, मायक्रोसॉफ्टला ‘स्लॅश ई’ द्या. शून्य, एक आणि तीन आर्ग्युमेंट, तिन्ही कॉल तपासल्याशिवाय कोड पुढे पाठवू नका.