टनाने मोजलेलं प्लॅनिंग

चाकणच्या ज्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये मी प्लॅनिंग बघायचो, तिथे सगळा हिशेब टनात चाले. पार्टीचं बिल टनावर, ठेकेदाराचा रेट किलोवर, सकाळच्या मीटिंगचा आकडाही टनाचाच. एका कारखान्याच्या शेडचं काम आलं. कॉलम आणि गर्डर भराभर निघाले, वजनाने बहुतेक माल तयार झाला. मागे राहिले जिने, रेलिंग, ब्रेसिंग, क्लीट. तिकडे साइटवर भाड्याची क्रेन उभी आणि ब्रेसिंगवाचून कॉलम उभे करता येईनात. उरलेल्या त्या थोड्या टनांनीच सगळ्यांचा घाम काढला.

25 मिमी जाडीची एक चौरस मीटर बेसप्लेट 196 किलो भरते. कापली, भोकं मारली, झालं. रेलिंगचा 32 एनबी पाइप मीटरला 3 किलोच्या आसपास. तेवढं वजन भरायला 60 मीटरच्या वर पाइप लागतो, शिवाय प्रत्येक जोडाला कटिंग, टॅक, वेल्ड आणि ग्राइंडिंग. किलोवर पैसे मिळणारा ठेकेदार आधी कशाला हात घालेल? त्याला बोल लावू नका, किरकोळ मालाचा रेट वेगळा ठरवा. हे मालकाला पटवणं प्लॅनरचंच काम आहे.

ड्रॉइंग हातात आलं की वजनाआधी जोड मोजा. मार्क नंबरवार फिटअपचे तास काढा, तेही फिटरला शेजारी घेऊन. "साहेब, इथे गसेट आधी लावलं तर आतल्या वेल्डला हात जाणार नाही," हे तो ड्रॉइंगवर बोट ठेवून सांगतो. फिटअप अडलं की वेल्डर कितीही वाढवा, बसूनच राहतात.

क्रम साइटकडून उलटा लावा. जी बे आधी उभी राहणार, तिचे कॉलम, बीम, ब्रेसिंग आणि बोल्ट एकाच लॉटमध्ये काढा.

पावसाळ्यात पेंटसाठी जादा दिवस धरा. ब्लास्ट केलेलं स्टील उघडं राहिलं की काही तासांत लाली धरतं. आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर असेल, किंवा स्टीलचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंशांनी जास्त नसेल, तर रंग लावायचा नसतो. जुलैत रोज सकाळी आधी हायग्रोमीटर बघा आणि दिवसभरात प्रायमर बसेल तेवढाच माल ब्लास्टिंगला सोडा.