जुन्या पिकअपचे इंजिन : दुरुस्ती आणि सुधारणा

भाजीपाला, दुधाचे कॅन आणि खताच्या गोण्या वाहणारी जुनी पिकअप गाडी हे ग्रामीण भागातील अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचे साधन होय. १९८० च्या दशकात महिंद्र कंपनीच्या जीपवर्गीय गाड्यांत फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या आराखड्याचे ‘एक्सडीपी ४.९०’ हे डिझेल इंजिन मोठ्या प्रमाणावर बसविण्यात आले. सिलिंडर चार, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर, पिस्टनची धाव ८३ मिलिमीटर आणि एकूण क्षमता २,११२ घन सेंटीमीटर. मूळचे मजबूत असे हे इंजिन बहुधा वयापेक्षा हयगयीमुळे निकामी होते.

गाडीची ओढ कमी झाली की ‘रिंगा टाका, गाडी पळेल’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो बहुतेक वेळा महाग पडतो. इंजिन उघडण्यापूर्वी धूर पाहावा. काळा धूर म्हणजे हवा अपुरी किंवा डिझेल अधिक. अशा वेळी हवेची जाळी व नोझल तपासले की कित्येकदा काम भागते. धूर निळा असेल तर ऑइल जळत आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर न जळलेले डिझेल किंवा आत शिरणारे पाणी यांचा संशय घ्यावा. त्यानंतर चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. एकाच सिलिंडरचे कमी भरल्यास दोष व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचाही असू शकतो.

या इंजिनातील लायनर ‘ओले’ आहेत. म्हणजे रेडिएटरचे पाणी त्यांच्या बाह्य अंगाला प्रत्यक्ष लागते. येथेच खरी मेख आहे. विहिरीचे वा बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे भरले गेल्याने लायनरभोवती क्षारांचा थर साचतो, उष्णता बाहेर पडत नाही, हेड वाकते आणि गॅस्केट जळते. गॅस्केट बदलले तरी थर तसाच राहिल्यास दोष परत उद्भवतो आणि मालक मेकॅनिकला दोष देतो. म्हणून ब्लॉकमधील पाण्याच्या वाटा पूर्ण साफ कराव्यात आणि पुढे शुद्ध पाण्यात कूलंट मिसळूनच भरावे.

झिजलेल्या लायनरमध्ये नव्या रिंगा घालणे म्हणजे फुटक्या कौलांवर चुना फासणे. लायनर, पिस्टन आणि रिंगा यांचा संच एकत्र बदलावा. ब्लॉकच्या पृष्ठावर चारही लायनरची उंची सारखी आहे ना, हे गेजने पाहावे. ती असमान राहिल्यास गॅस्केट टिकत नाही. क्रँकशाफ्ट मापून मगच बेअरिंग निवडावीत. हेडचे बोल्ट टॉर्क पान्यानेच, पुस्तकात दिलेल्या क्रमाने आवळावेत. पंप व नोझल कॅलिब्रेशनसाठी जाणकाराकडे द्यावेत.

सुधारणा म्हणजे टर्बो बसविणे, अशी समजूत आढळते. मुळातच उच्च कॉम्प्रेशन असलेल्या या इंजिनावर त्याचा ताण पडतो. शिवाय ब्रेक जुनेच राहतात. त्यापेक्षा नवा रेडिएटर गाभा आणि हवेच्या जाळीपासून इंजिनापर्यंतची अभंग रबरी नळी अधिक उपयोगी. ही नळी फाटली, तर धुळीच्या रस्त्यावर नव्या रिंगा थोड्याच दिवसांत झिजतात.

इंजिनच बदलावयाचे झाल्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ लक्षात घ्यावे. नोंदणी प्राधिकाऱ्याची पूर्वपरवानगी व नोंदणीपुस्तकात नोंद आवश्यक आहे. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. शासकीय वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांनंतर पुढे चालू राहत नाही. म्हणून कार्यालयाच्या गाडीवर असा खर्च मंजूर करण्यापूर्वी नोंदणीची तारीख पाहावी.

काम झाल्यावर पहिले हजार किलोमीटर अर्धाच भार भरावा, घाटात इंजिन रेटू नये आणि त्यानंतर ऑइल व फिल्टर बदलावेत. हंगामाच्या तोंडावर गाडी उघडणाऱ्याला हे पथ्य पाळणे जड जाते; पावसाळ्यात काम कमी असताना ते सहज साधते.